जपानी लेखनपेटीला पॉलिश करावं का?

एका वाचक बाईंनी विचारलं आहे: आजोबा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. १९६० च्या सुमारास त्यांनी कोबेहून एक काळी पेटी आणली. मोठ्या वहीएवढी, चार बोटं उंच. झाकणावर सोनेरी गवत आणि गवतात अर्धा बुडालेला चंद्र. आत काळ्या दगडाची एक चौकोनी वडी आणि दोन बारीक भोकं असलेली धातूची छोटी डबी. खिडकीकडच्या बाजूने काळा रंग तपकिरी पडला आहे, एका कोपऱ्याला केसासारखी चीर आहे, आणि चंद्र काळवंडला आहे. घरातल्यांचं मत पडलं की फर्निचरवाल्याकडून एक हात पॉलिश मारून घ्यावं. ही दागिन्यांची पेटी का, सोनं खरं का, पॉलिश करावं का आणि किंमत किती येईल, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पॉलिशवाल्याला आजच नको म्हणून कळवा. बाकीचं सावकाश बोलू.

लाकडी आणि लेप दिलेल्या जुन्या वस्तूंच्या संवर्धनाचं काम मी गेली चोवीस वर्षं करते आहे. सुरुवातीची काही वर्षं जपानी कारागिरांच्या हाताखाली शिकण्यात गेली. माझ्या टेबलावर आलेल्या ज्या जपानी पेट्यांचं मला फारसं काही करता आलं नाही, त्यातल्या बऱ्याच कुणीतरी चांगल्या मनाने चकचकीत करून आणलेल्या होत्या. म्हणून हे उत्तर जरा लांबलं तरी पुरतं वाचा.

पेटी दागिन्यांची नाही, लेखनाची आहे. जपानीत तिला सुझुरिबाको म्हणतात. सुझुरी म्हणजे शाई उगाळायचा दगड आणि हाको म्हणजे पेटी. जोडशब्दात हाकोचं बाको होतं. तुमची ती काळी वडी म्हणजेच सुझुरी. देवघरातली सहाण आठवा. सहाणेवर थेंबभर पाणी घेऊन चंदनाचं खोड फिरवलं की गंध उतरतं, तशी इथे शाईची कांडी फिरवायची. ही कांडी, म्हणजे सुमी, काजळी आणि सरस मळून केलेली असते. नारा शहर त्यासाठी शतकानुशतकं नावाजलेलं आहे. दगडाच्या एका टोकाला खोलगट भाग दिसेल. सपाट भागाला जपानी लोक जमीन म्हणतात आणि खोलगट भागाला समुद्र. जमिनीवर उगाळलेली शाई समुद्रात उतरते आणि कुंचला तिथे बुडवतात. दोन भोकांची डबी ही पाण्याची इवलीशी झारी आहे, सुइतेकी. एका भोकावर बोट दाबून धरलं की पाणी थांबतं, बोट उचललं की दुसऱ्या भोकातून एकेक थेंब पडतो. शाई किती दाट हवी हे थेंबांवर ठरतं, म्हणून हा सगळा खटाटोप. पूर्ण संचात याशिवाय कुंचले, कागद कापायची लहान सुरी, कागदाला भोक पाडायचा टोच्या आणि कधीकधी झिजून आखूड झालेली कांडी धरायचा चिमटाही असतो. तुमच्याकडचे हे जिन्नस कधीतरी हरवले असतील. आत त्यांच्या मापाचे कप्पे किंवा खाचा दिसतात का ते बघा.

आपल्याकडे कारकुनाचं कलमदान असायचं: बोरू, दौत, शाई टिपायची वाळू. काम तेच. जपानात मात्र या पेटीला घरात मोठाच मान होता. तोकुगावा घराण्यातले तिसरे शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ते, इएमित्सु यांच्या मुलीचं, चियोहिमेचं, लग्न १६३९ मध्ये झालं. तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. तिच्या रुखवतासाठी कोआमी नागाशिगे या कारागिराने सोन्याच्या नक्षीचा जो संच केला, त्यात लेखनपेटीही आहे. नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात तो संच आजही बघायला मिळतो आणि जपानने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे.

आता लेपाबद्दल. घरात 'लाखेची पेटी' म्हटलं गेलं असेल आणि पॉलिशची कल्पनाही त्यातूनच निघाली असेल. सगळा गोंधळ या एका शब्दाचा आहे. आपली लाख किड्यापासून मिळते. बांगड्यांची लाख तीच, आणि फर्निचरवाले स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने फिरवतात ती चपडीही तीच. ती स्पिरिटने पुन्हा मऊ होते, म्हणून जुन्या कपाटाला नवा हात देता येतो. जपानी लेप हा उरुशी नावाच्या झाडाचा चीक आहे. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातलं. कोकणात काजूच्या टरफलातलं तेल ज्याच्या हाताला लागलं आहे किंवा ज्याच्या अंगावर कधी बिब्बा उतला आहे, त्याला उरुशीची अर्धी ओळख आहेच. कातडीवर फोड आणणारं द्रव्य जवळजवळ त्याच जातीचं असतं. मला शिकताना पहिल्याच महिन्यात मनगटापासून कोपरापर्यंत उतलं होतं आणि रात्र रात्र झोप नव्हती. पुरत्या घट्ट झालेल्या उरुशीपासून असा त्रास होत नाही, तेव्हा पेटीला हात लावायला घाबरू नका.

धोबी पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याची काळी खूण करायचे. कपडा विरला तरी ती खूण जात नसे. उरुशीचा चिवटपणा त्याच तऱ्हेचा आहे. एकदा घट्ट झाली की ती स्पिरिटमध्ये विरघळत नाही आणि पाण्याला, आम्लाला दाद देत नाही. आणि ती घट्ट होते तीही रंगासारखी वाळून नव्हे. चिकातल्या एका विकराला (एन्झाइमला) हवेतला ओलावा लागतो, त्याच्या जोरावर चिकाचे रेणू एकमेकांना धरतात. म्हणून कारागीर लेप दिलेली वस्तू ओलसर केलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. त्याला मुरो म्हणतात. आत २० ते २५ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता. आषाढातली मुंबई कपाटात भरली आहे असं समजा. कोरड्या हवेत तोच लेप चिकट राहतो.

हा चीक किती थोडा मिळतो तेही सांगते. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जून ते ऑक्टोबर त्याच्या खोडाला आडव्या खाचा पाडत जातात. आख्ख्या हंगामात एका झाडातून जेमतेम २०० ग्रॅम चीक निघतो. मग झाड तोडतात आणि बुंध्याला नवे फुटवे येऊ देतात. इवाते प्रांतातला जोबोजी हा भाग यासाठी प्रसिद्ध आहे.

लाकूड बहुतेक हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं असतं. त्यावर तागाच्या जातीचं कापड कच्च्या उरुशीने चिकटवतात. मग माती आणि उरुशीच्या लुकणाचे हात, ते घासून सपाट करणं, मग काळ्या उरुशीचे थर. प्रत्येक थर मुरोमध्ये, आणि प्रत्येक थर पुन्हा घासणं. शेवटचा काळा थर माणसाच्या केसांच्या ब्रशने देतात, कोळशाने घासतात आणि सांबरशिंगाच्या भुकटीने तळहात फिरवत झळाळी आणतात. तुमच्या पेटीचा काळा रंग पाण्यात खोल बघितल्यासारखा वाटत असेल, तर तो या हातांमुळे.

सोन्याच्या कामाला माकिए म्हणतात, अर्थ 'शिंपडलेलं चित्र'. हे काम मी पहिल्यांदा बघितलं तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. गुरुजींनी उंदराच्या केसांच्या लांब कुंचल्याने गवताचं एक पातं उरुशीने काढलं. केसाएवढी रेघ, मुळाशी जराशी जाड, टोकाला नाहीशी होणारी. रेघ ओली असतानाच त्यांनी बांबूची एक नळी उचलली. तिच्या तिरक्या कापलेल्या तोंडावर रेशमाची जाळी ताणलेली होती आणि आत सोन्याची भुकटी. नळी आडवी धरून ते बोटाने तिच्यावर हलक्या टिचक्या मारू लागले. मुळाशी चार टिचक्या, मध्ये दोन, टोकाला एक. भुकटी रेघेवर पडली तिथे चिकटली, बाजूला पडली ती त्यांनी मऊ ब्रशने झाडून कागदावर गोळा केली, कण न् कण. पात्याच्या बुडाशी सोनं दाट होतं आणि शेंड्याला ते धुक्यात विरल्यासारखं झालं होतं. रंग एकच, पण किती टिचक्या कुठे मारल्या त्यावर सगळी छाया.

पुढचं मला त्या दिवशी कळलंच नाही. पातं घट्ट झाल्यावर त्यांनी त्या सगळ्यावरून काळी उरुशी फिरवली. चित्र गेलं! काही दिवसांनी ती काळी फळी पुढ्यात घेऊन, पाणी आणि कोळशाचा तुकडा घेऊन त्यांनी घासायला सुरुवात केली, आणि काळ्याच्या पोटातून ते पातं हळूहळू वर आलं. या रीतीला तोगिदाशी म्हणतात, घासून उघडं केलेलं. यात चित्र आणि पार्श्वभूमी एकाच पातळीवर असतात, बोट फिरवलं तरी कड लागत नाही. कोळसा दोनदा जास्त फिरला तर सोनं गेलं. चित्र जरासं वर राहिलं तर त्याला हिरामाकिए म्हणतात, आणि खाली लुकण भरून डोंगर किंवा खडक उठावदार केले तर ताकामाकिए. आतल्या बाजूला बहुधा पिवळसर पारदर्शक उरुशीखाली सोन्याचे बारीक ठिपके विखुरलेले दिसतील. ते नाशिजी, जपानी नासपतीच्या सालीवरच्या ठिपक्यांवरून पडलेलं नाव.

हे सगळं सांगायचं कारण पॉलिशवाल्याचा घासायचा कागद. काळ्यावर उठून दिसणारं ते सोनं धुळीच्या थराइतकं पातळ आहे. पॉलिशच्या आधी तो कपाटासारखा बारीक पॉलिश पेपर मारणार. माझ्याकडे एकदा मेपलच्या पानांची एक पेटी आली होती. झाकणाच्या अर्ध्या भागावर पानांच्या फक्त जागा उरल्या होत्या, मऊ खळग्यांसारख्या. वरून चपडीचे तीन हात होते. ती चपडी काढायला स्पिरिट लागतं, आणि उन्हाने अशक्त झालेल्या उरुशीला तेच स्पिरिट लागलं की डाग पडतो. मी ती पेटी तशीच परत दिली.

सोनं खरं का? फोटोशिवाय मी सांगणार नाही, पण तुम्ही घरीच पुष्कळसं बघू शकता. खोली अंधारी करा, टॉर्च झाकणाच्या कडेने अगदी आडवा धरा आणि साधं भिंग घ्या. खऱ्या माकिएत कण दिसतात, पात्यांच्या कडांवर दाट-विरळ फरक दिसतो, एका पात्यावरून दुसरं गेलं असेल तर थराची पायरी दिसते. छापील नक्षीत सगळ्या रेघा सारख्याच जाड आणि कडा सपाट, एकसुरी असतात. सोनं काळवंडत नाही. पितळेची भुकटी असेल तर ती तपकिरी-हिरवट झालेली सापडेल. पेटी उचलून बघा: जुन्या लाकडी पेट्या दिसतात त्यापेक्षा हलक्या लागतात.

आणखी एक शक्यता मनात असू द्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात काजूच्या टरफलातल्या तेलापासून केलेला एक लेप निघाला, त्याला तिथे 'काश्यु' असंच म्हणतात. दिसायला उरुशीसारखा, स्वस्त, आणि त्याला ओलसर कपाट लागत नाही. या तेलाची निर्यात करणाऱ्या देशांत आपणही होतो. बंदरावर खलाशांना आणि प्रवाशांना विकायच्या वस्तूंवर १९६० च्या काळात असा लेप किंवा सरळ प्लॅस्टिकसुद्धा असायचं. तुमची पेटी त्यातली निघाली तर वाईट वाटून घेऊ नका, पण त्याच वेळी चांगल्या जुन्या पेट्याही कोबेच्या दुकानांत मिळायच्या. दगड जागेवर आहे आणि झारी धातूची आहे, यावरून मला आशा वाटते.

किंमत सांगणं माझं काम नाही. एवढं मात्र नक्की की वजनावर सोनं निघणार नाही. खरवडून काढलं तर चिमूटभरही येणार नाही. भाव ठरतो तो कामाच्या बारकाव्यावर, स्थितीवर, कारागिराच्या सहीवर, आणि एका गोष्टीवर जी लोक हमखास टाकून देतात: बाहेरचा साधा लाकडी खोका. चांगली पेटी जपानात किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या खोक्यात ठेवतात आणि त्याच्या झाकणावर शाईने विषय, कारागीर, कधी मालकाचं नाव लिहिलेलं असतं. ते लिखाण म्हणजे पेटीचा जन्मदाखला. माळ्यावर, ट्रंकेत, आजीच्या पापडाच्या डब्यांमागे शोधा. खोका सापडला तर त्याच्यातच पेटी ठेवायची आहे. आणि पेटी शंभर वर्षांहून जुनी निघाली आणि परदेशी असलेल्या मुलांकडे न्यायची झाली, तर आधी पुरातत्त्व खात्याशी बोला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ती येते.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते. पेटीवरचं चित्र वाचायचं असतं.

गवतात बुडालेला चंद्र म्हटलं की जपानी माणसाला मुसाशिनो आठवतं. आज जिथे तोक्यो पसरलं आहे तिथलं हे जुनं माळरान. एका जुन्या कवितेचा आशय असा की मुसाशिनोत चंद्राला मावळायला डोंगरच नाही, तो गवतातून उगवतो आणि गवतातच मावळतो. शिशिर नव्हे, शरदाचं चित्र आहे हे. झाकणावर ओळ लिहिलेली नसते. ज्याने पेटी उघडायची, त्याने ती मनात म्हणायची आणि मग शाई उगाळायला घ्यायची. म्हणून झाकण उलटं करून आतली बाजू जरूर बघा. कारागीर बाहेर सुरू केलेली गोष्ट पुष्कळदा आत पुढे नेतो: बाहेर चंद्र असला तर आत दव पडलेलं गवत, एखादा किडा, एखादं हरीण. झारीसुद्धा त्याच विषयातली असू शकते.

या खेळाचा सर्वांत धीट नमुना तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे, होनआमी कोएत्सु याची होड्यांच्या पुलाची पेटी. कोएत्सु (१५५८ ते १६३७) क्योतोच्या तलवारी पारखणाऱ्या आणि घासणाऱ्या घराण्यातला. पेटी जेमतेम २४ सेंटिमीटर लांब, पण झाकण टेकडीसारखं फुगीर, उंची बारा सेंटिमीटरच्या जवळ. सगळीकडे सोनं, त्यावर ओळीने होड्या आणि होड्यांवरून आडवी टाकलेली शिशाची रुंद, काळसर पट्टी. लेखनपेटीवर शिसं! पूल तो. आणि सगळ्यावर चांदीच्या अक्षरांत दहाव्या शतकातल्या मिनामोतो नो हितोशी याची कविता विखुरलेली. पूर्वेकडच्या सानो गावच्या होड्यांच्या पुलासारखा मी तुझ्या विचारात पार होत राहतो आणि कुणाला ते कळत नाही, असा तिचा भाव. अक्षरं वाचत गेलात की एक शब्द सापडतच नाही: फुनाबाशी, होड्यांचा पूल. तो लिहिलेलाच नाही. तो शिशाचा होऊन झाकणावर आडवा पडला आहे. मी ही पेटी काचेतून पाहिली तेव्हा पहारेकरी दोनदा जवळून गेला, इतका वेळ उभी होते.

पुढे चित्रकार ओगाता कोरिन (१६५८ ते १७१६) याने आठ पुलांच्या पेटीत कवितेचं एकही अक्षर ठेवलं नाही. काळ्यावर शिंपल्याची आयरिसची फुलं, सोन्याची पानं, शिशाच्या फळ्या, आणि हे चित्र झाकणावरून चारही बाजूंवर वळत गेलेलं. वर दगड, खालच्या कप्प्यात कागद. इसे मोनोगातारी या जुन्या जपानी कथाग्रंथातला आठ पुलांचा प्रसंग ठाऊक असलेल्याला कविता आपोआप ऐकू येते.

परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेल्या कामात ही गंमत क्वचितच असते. सोळाव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीज व्यापारी मकाव आणि गोव्यामार्गे ज्या उरुशीच्या पेट्या आणि चर्चची पुस्तकपीठं युरोपात नेत, त्यांवर शिंपल्याची दाट नक्षी भरगच्च भरलेली असायची, मोकळी जागा जवळजवळ नाहीच. तुमच्या पेटीवर काळा रंग बराच मोकळा सोडला आहे. ते मला चांगलं लक्षण वाटतं.

खिडकीकडची बाजू तपकिरी पडली, त्याचं कारण खिडकीच. उरुशीला पाणी फारसं करत नाही, उजेड मारतो. याची एक जुनी गोष्ट आहे. १८७३ च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातून परतणाऱ्या जपानी वस्तू घेऊन येणारं नील नावाचं फ्रेंच जहाज मार्च १८७४ मध्ये इझुच्या किनाऱ्याजवळ बुडालं. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानातली एक नावाजलेली पेटी त्यात कायमची गेली. मात्र पुढच्या वर्षी समुद्रातून वर काढलेल्या काही उरुशीच्या वस्तूंचा लेप जवळपास शाबूत निघाला. सुदैवाने त्याच देवस्थानची कुंपणावरच्या शेवंतीची लेखनपेटी सुखरूप राहिली. माजी सम्राट गो-शिराकावा यांनी ती कामाकुराचा पहिला शोगुन मिनामोतो नो योरितोमो याला दिली असं परंपरा सांगते, आणि आज तीही राष्ट्रीय ठेवा आहे.

समुद्रात तगणारा हा लेप खिडकीतल्या उन्हात काही वर्षांत अशक्त होतो. आधी झळाळी जाते, मग भिंगातून दिसतील अशा चिरांचं जाळं होतं, रंग तपकिरी होतो. या अवस्थेत बोटाचा घाम लागला तरी ठसा कायमचा उमटतो, ओल्या फडक्याने पुसलं तर पांढुरका डाग राहतो. म्हणून तपकिरी बाजूला पाणी, स्पिरिट, तेल, मेण, काच पुसायचा फवारा, काहीही लावायचं नाही. खोबरेल तेलाने काळा रंग खुलतो असं कुणीतरी सांगेलच. दोन दिवस खुलतो, मग त्यावर धूळ बसून घट्ट होते. पेटी आजच खिडकीपासून हलवा. संग्रहालयात अशा वस्तूंवर ५० लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद उजेड ठेवतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत, एकदा जाऊन या. डोळा असा तयार झाला की घरची पेटी वेगळी दिसते.

धूळ बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशने, न दाबता झाडा, उठावदार भागांवरून तर फुंकर पुरे. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. सुती हातमोजे घालू नका, त्यांचे धागे सुटलेल्या सोन्यात अडकतात. स्वच्छ कोरडे हात किंवा डॉक्टर वापरतात तसे गुळगुळीत मोजे चालतील. झाकण घट्ट बसलेलं असतं, आत हवा कोंडते. एका कोपऱ्याने उपटू नका. दोन्ही हातांनी समोरासमोरच्या बाजू धरून सरळ आणि सावकाश वर घ्या, ते स्वतःच श्वास सोडल्यासारखं सुटतं. आणि दगड आत असताना पेटी कधी तिरकी करू नका. दगड घसरला की कोपरा गेलाच.

चिरेबद्दल. ती बहुधा लाकूड आक्रसल्याने सांध्यावर आली आहे. या लाकडाला ५५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जूनमध्ये हवा ओली चिंब आणि मे महिन्यात, विशेषतः पुण्याकडे आणि विदर्भात, कोरडी ठाक. त्यात लोक काळजीपोटी सिलिका जेलच्या पुड्या आत टाकतात. कृपा करून टाकू नका. त्या लाकडातलाच ओलावा शोषतात आणि चिरा वाढवतात. एसीच्या झोतात किंवा फ्रीजच्या वर ठेवू नका. किरीचा खोका नसेल तर आधी सुती कापड, मग साधं लाकडी कपाट, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं. कापडाला डांबरगोळ्यांचा वास नको. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा उघडून बुरशी दिसते का बघा. तेवढंच.

चिरेत पांढरा गोंद भरू नका, झटपट चिकटणारा तर मुळीच नको. पापुद्रा सुटला तर तो बटर पेपरच्या घडीत घालून कुठला ते लिहून ठेवा. दुरुस्तीत नव्या सोन्यापेक्षा तो जुना पापुद्रा मोलाचा असतो. दुरुस्ती दोन वाटांनी होते. जपानी वाटेत पातळ केलेली उरुशीच अशक्त पृष्ठभागात मुरवतात आणि जास्तीची पुसून घेतात. ती परत काढता येत नाही. म्हणून युरोपातले संवर्धक काढता येईल असा चिकटा पसंत करतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात माझारिन नावाच्या जुन्या जपानी उरुशीच्या पेटाऱ्यावर काम झालं तेव्हा जपानी उरुशी-कलावंत मुरोसे काझुमी आणि तिथले संवर्धक एकत्र बसले आणि दोन्ही वाटांचा मेळ घातला. मी स्वतः घरगुती पेट्यांवर, चीर वाढत नसेल तर, काहीच करत नाही. पेन्सिलीने वेगळ्या कागदावर चिरेचं चित्र काढा, लांबी मोजून तारीख घाला, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजा. वाढली असेल तर मला दाखवा.

राहिला काळवंडलेला चंद्र. गवत सोनेरी राहून एकटा चंद्र काळा पडला, याचा अर्थ तो बहुधा चांदीच्या भुकटीचा किंवा चांदीच्या पत्र्याचा आहे. कारागिराला ते ठाऊक असतं. सोन्याच्या गवतात त्याने मुद्दाम चांदी वापरली असणार, नवी असताना ती थंड पांढरी दिसली असेल आणि इतक्या वर्षांत धुरकट झाली. कोएत्सुच्या पेटीवरची चांदीची अक्षरंही अशीच काळसर झाली आहेत. भांडी घासायच्या पावडरीने तो चंद्र एका मिनिटात पांढरा होईल आणि त्याच मिनिटात भुकटी निघून जाईल. त्याला तसाच राहू द्या. फोटो पाठवाल तेव्हा दिवे बंद करून, टॉर्च झाकणाच्या डाव्या कडेला टेकवून एक काढा, उजव्या कडेने एक, आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा एक. फ्लॅश नको. चंद्राच्या कडेला कापलेल्या पत्र्याची धार दिसते की कण दिसतात, ते मला त्यात बघायचं आहे.